वाचकांचे प्रश्न : आपोआप होणारे रिस्टार्ट आणि बायोसचे अपडेट

पाऊस सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. एप्रिल-मे महिन्यांत संगणक तापतो म्हणून विचारणा होत असते. जूनपासून मात्र संगणक मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतो, पडदा काळा राहतो, घड्याळ मागे जाते, अशा तक्रारी वाढतात. या वेळच्या पत्रांत आणखी एक गोष्ट समान आढळली. रिस्टार्टचा त्रास सुरू होताच कोणीतरी ‘बायोस अपडेट करून टाका’ असा सल्ला दिलेला आहे आणि काहींनी तो लगेच अमलातही आणला आहे. बायोस म्हणजे संगणकाच्या मुख्य बोर्डात, म्हणजे मदरबोर्डात असलेला, संगणक सुरू करून देणारा मूळ प्रोग्राम. हा सल्ला मला धोक्याचा वाटतो, म्हणून पहिल्या दोन पत्रांना नेहमीपेक्षा अधिक जागा देत आहे.

प्रश्न : डिचोलीत माझा डीटीपीचा छोटा व्यवसाय आहे. लग्नपत्रिका, जत्रेची हस्तपत्रके, नाटकांच्या जाहिराती अशी कामे असतात. २०१९ साली घेतलेला डेस्कटॉप, ज्यात नवव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम आहे, गेल्या महिन्यापासून दिवसातून तीन-चार वेळा आपोआप रिस्टार्ट होतो. विंडोजची चूक दाखवणारा निळा पडदा दिसत नाही, कोणतीही सूचना येत नाही. बहुतेक वेळा प्रिंट देताना किंवा वीज लुकलुकली की असे होते. विंडोज नव्याने टाकून पाहिले, फरक पडला नाही. आता दुरुस्ती करणारे बायोस अपडेट करण्यास सांगत आहेत. ते करावे का? संगणक, मॉनिटर आणि लेझर प्रिंटर हे तिन्ही ६०० व्हीएच्या यूपीएसवर आहेत.

उत्तर : सध्या अजिबात करू नका. आपल्या पत्रातील शेवटचे वाक्य आपण केवळ माहिती म्हणून जोडले असावे, पण माझ्या मते दोषाचा माग तिथेच लागतो.

लेझर प्रिंटरमध्ये टोनरची पूड कागदावर उष्णतेने वितळवून चिकटवली जाते. त्यासाठी असलेला तापक प्रिंट सुरू होताच काही क्षण कित्येकशे वॅट वीज खेचतो आणि प्रिंटर नुसता चालू असतानाही काही यंत्रांत अधूनमधून तापत राहतो. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारणपणे ३६० वॅटच्या आसपास भार पेलतो. म्हणजे प्रिंटरच्या तापकाने ओढ दिली की व्होल्टेज क्षणभर खाली बसते, यूपीएसला वाटते की वीज गेली, तो बॅटरीवर जातो, आणि दोन-तीन वर्षे जुनी बॅटरी इतका भार उचलू शकत नसल्यामुळे संगणकाचा पुरवठा निमिषभर तुटतो. संगणकाला एवढा खंड पुरेसा असतो. निळा पडदा न येण्याचे कारणही हेच, कारण विंडोजला काही नोंदवायला सवडच मिळत नाही. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नये, असे यूपीएसच्या माहितीपत्रकांत बहुधा छापलेले असते; दुकानात जागा कमी आणि प्लग एकाच पट्टीवर, म्हणून तसे घडत राहते.

तेव्हा आजच प्रिंटरचा प्लग काढून भिंतीवरील स्वतंत्र सॉकेटला लावा आणि आठवडाभर पाहा. यूपीएसची बॅटरीही तपासा. संगणक बंद करून यूपीएसला १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब जोडा आणि यूपीएसचा मुख्य प्लग काढून घ्या. बल्ब दहा मिनिटेही धड जळत नसेल तर बॅटरी बदलणे भाग आहे. बॅटरी फुगलेली दिसली तर या चाचणीची वाट न पाहता ती बाहेर काढा. अर्थिंगचीही एकदा वायरमनकडून खात्री करून घ्यावी. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर ते काम सर्वांत आधी.

विंडोजकडूनही थोडी साक्ष मिळते. ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून ‘विंडोज लॉग्ज’मधील ‘सिस्टम’ हा भाग पाहा. आपोआप रिस्टार्ट झालेल्या वेळी तिथे ‘कर्नल-पॉवर’ या नावाची ४१ क्रमांकाची नोंद असेल. ही नोंद पाहून अनेक जण घाबरतात आणि एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधील वीजपुरवठ्याचा डबा, जळाला असे ठरवून टाकतात. वास्तविक तिचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. तिच्या तपशिलात ‘बगचेककोड’समोर शून्य असेल तर विंडोजने स्वतः कोणतीही चूक पकडलेली नव्हती, त्यामुळे वीज, एसएमपीएस, तापमान किंवा मदरबोर्ड यांच्याकडे संशय वळवावा. शून्याऐवजी दुसरा आकडा असेल तर निळा पडदा येऊन गेला आहे आणि विंडोजने लगेच रिस्टार्ट केल्यामुळे तो आपल्याला दिसला नाही. अशा वेळी ‘सिस्टम प्रॉपर्टीज’मधील ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ येथे ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’समोरची खूण काढून ठेवावी, म्हणजे पुढच्या खेपेस पडदा स्थिर राहील व त्यावरील मजकूर टिपून घेता येईल. आणि १०७४ क्रमांकाची नोंद असेल तर रिस्टार्टचा हुकूम कोणत्या प्रोग्रामने दिला हे तिथेच लिहिलेले असते. बहुधा ते विंडोजचे अपडेट निघते.

प्रिंटर वेगळा करूनही त्रास राहिला तर कॅबिनेट उघडावे लागेल. माझे घर समुद्रापासून फार दूर नाही. दोन पावसाळ्यांपूर्वी माझ्या स्वतःच्या संगणकाने असाच छळ मांडला होता. रॅमची पट्टी काढून उजेडात तिरकी धरली तेव्हा सोनेरी दातांच्या रांगेवर एका टोकाला बोटभर जागेत फिकट, धुरकट थर दिसला. बोट फिरवले तर थोडा खरखरीत लागत होता. खारी हवा आणि दमट भिंती यांचा तो परिणाम होता. आपल्याकडे अशा वेळी खोडरबर घासण्याची पद्धत आहे. मला ती फारशी पसंत नाही, कारण दातांवरील सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो आणि वारंवार घासल्याने तोच निघून जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने दात पुसावेत, पूर्ण सुकू द्यावेत, मग पट्टी दोन्ही बाजूंनी ‘टक’ असा आवाज येईपर्यंत बसवावी. त्यानंतर ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ किंवा, त्याहून चांगले, पेन ड्राइव्हवरून चालणारे ‘मेमटेस्ट८६’ रात्रभर चालवावे. त्यात एक जरी चूक निघाली तरी ती दुर्लक्ष करण्याजोगी नसते.

आता बायोसविषयी. बायोस, ज्याला नव्या मदरबोर्डांवर यूईएफआय म्हणतात, तो बोर्डावरील १६ किंवा ३२ एमबीच्या एका लहान चिपमध्ये असतो. अपडेट करताना चिपमधील जुना मजकूर आधी पुसला जातो आणि मग नवा लिहिला जातो. त्या काही मिनिटांत संगणक रिस्टार्ट झाला तर बोर्डाला स्वतः सुरू कसे व्हावे हेच कळेनासे होते. दिवसातून चार वेळा अचानक बंद पडणाऱ्या यंत्रावर, तेही ज्याची बॅटरी संशयास्पद आहे अशा यूपीएसच्या भरवशावर, हे काम करणे म्हणजे सुस्थितीतील मदरबोर्ड हकनाक पणाला लावणे होय. तुमचा संगणक जवळपास सहा वर्षे याच बायोसवर व्यवस्थित चालला. गेल्या महिन्यात बायोस बदलला नाही, बदलली ती वीज, हवा किंवा एखादा सुटा भाग.

बायोसमुळे रिस्टार्ट कधी होतच नाहीत असे मात्र नाही, आणि तेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. जानेवारी २०१८ मध्ये ‘स्पेक्टर’ या सुरक्षादोषावर उपाय म्हणून इंटेलने दिलेल्या मायक्रोकोडमुळेच, म्हणजे बायोसच्या अपडेटसोबत येणाऱ्या प्रोसेसरच्या अंतर्गत सूचनांमुळेच, काही संगणक वारंवार रिस्टार्ट होऊ लागले आणि २२ जानेवारीला इंटेलनेच तो वापरणे थांबवण्यास सांगितले. याउलट इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांत गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागितले जाऊन अस्थिरता येत होती. त्यावरचा मायक्रोकोड ऑगस्ट २०२४ पासून बायोसच्या अपडेटमधूनच मिळाला. ज्यांच्याकडे ते प्रोसेसर आहेत त्यांनी तो अवश्य घ्यावा, मात्र आधीच इजा झालेला प्रोसेसर त्याने बरा होत नाही. तुमचा नवव्या पिढीचा प्रोसेसर या दोन्ही प्रकरणांबाहेरचा आहे. दुरुस्ती करणाऱ्यांना एकच विचारा की बोर्डाच्या कंपनीने नव्या बायोसच्या टिपणात आपल्या दोषाचा उल्लेख केला आहे का. उत्तर नकारार्थी असेल तर बायोसला हात लावू देऊ नका.

प्रश्न : मी वास्कोचा, बारावीत शिकतो. बाबांनी यंदा चतुर्थीच्या आधी मला नवीन डेस्कटॉप जोडून दिला. त्यात डीडीआर५ रॅम आहे. गेम खेळताना तो दोनदा रिस्टार्ट झाला म्हणून मी पेन ड्राइव्हवरून बायोस अपडेट केले. ते शंभर टक्के पूर्ण झाल्याचे दिसले. त्यानंतर संगणक आपणहून तीन वेळा बंद-चालू झाला आणि पडदा काळाच राहिला. दोन मिनिटे थांबून मी पॉवरचे बटण दाबून बंद केला. आता पंखे फिरतात, पडद्यावर काही येत नाही. घरी अजून सांगितलेले नाही. बोर्ड गेला का?

उत्तर : बोर्ड गेला असण्याची शक्यता मला कमी वाटते, तेव्हा आधी मन शांत कर. आणि घरी आजच सांग. वॉरंटीचे बिल बाबांकडे असणार आणि ते लागू शकते.

अपडेट शंभर टक्के झाले हे तू स्वतः पाहिलेस, ही मोठी जमेची बाजू आहे. बायोस बदलल्यानंतर संगणकाने दोन-तीन वेळा आपणहून बंद-चालू होणे अगदी स्वाभाविक असते. त्यानंतर बोर्ड रॅमशी नव्याने जुळवून घेतो. कोणत्या वेगाने, किती व्होल्टेजवर आणि किती अंतराने संकेत पाठवले तर ते अचूक पोहोचतात हे तो एकेक करून तपासतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. डीडीआर५ रॅममध्ये, विशेषतः रॅम जास्त असेल तेव्हा, याला कित्येक मिनिटे लागतात आणि त्या सर्व काळात पडदा पूर्ण काळा असतो. तू दोन मिनिटांनी बटण दाबलेस, म्हणजे ते काम बहुधा अर्ध्यावर तोडलेस. आता संगणक सुरू करून पंधरा मिनिटे त्याच्याकडे बघायचे नाही. बोर्डाच्या कडेला ‘सीपीयू’, ‘डीरॅम’, ‘व्हीजीए’, ‘बूट’ असे लिहिलेले बारीक दिवे असतील तर त्यांतील कोणता पेटून राहतो ते फक्त टिपून ठेव.

एवढ्याने पडदा उजळला नाही तर मुख्य वायर भिंतीतून काढ, पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धर म्हणजे उरलेली वीज निघून जाईल, आणि बायोसचा गोल सेल काढून पाच मिनिटांनी परत बसव. यामुळे जुन्या सेटिंग पुसल्या जातात. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकच ठेव, आणि ती कोणत्या खाचेत ठेवायची हे बोर्डाच्या पुस्तिकेत पाहा. चार खाचांच्या बोर्डांवर बहुधा ती प्रोसेसरकडून दुसरी असते. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डालाच लावलेली आहे ना, हेही बघ. पुन्हा सुरू करून पुन्हा पंधरा मिनिटे.

त्यानंतरही काळोखच असेल तर बोर्डाच्या मागच्या बाजूला ‘फ्लॅशबॅक’ किंवा तशाच नावाचे लहान बटण शोध. ज्या बोर्डांवर ते असते त्यांत प्रोसेसर आणि रॅम यांच्या मदतीशिवाय बायोस पुन्हा लिहिता येतो. पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट करून त्यावर कंपनीच्या संकेतस्थळावरील नेमक्या तुझ्याच मॉडेलची फाइल ठेवायची, पुस्तिकेत सांगितले असेल तसे तिचे नाव बदलायचे, पेन ड्राइव्ह खूण केलेल्या यूएसबी खाचेतच लावायचा आणि बटण दाबून धरायचे. दिवा लुकलुकू लागतो. तो पूर्ण थांबेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. मॉडेलच्या नावातील शेवटचे एक अक्षर किंवा ‘रिव्हिजन’चा आकडा वेगळा असला तरी फाइल वेगळी असते, म्हणून नाव बोर्डावर छापलेले आहे तसेच वाचून घे. काही बोर्डांवर दुसरी राखीव बायोस चिप असते, तिचाही शोध घे. यांपैकी काही नसेल तर चिप बाहेरून लिहिणारे यंत्र मदरबोर्ड दुरुस्त करणाऱ्यांकडे असते. आठ पायांच्या त्या चिपला चिमटा लावून बायोस परत भरतात. वॉरंटी असताना मात्र त्या वाटेला जाऊ नकोस, सरळ कंपनीच्या सेवाकेंद्राकडे ने.

गेममध्ये होणारे मूळ रिस्टार्ट राहिलेच. यंत्र सुरू झाल्यावर रॅमचा वाढीव वेग, म्हणजे ‘एक्सएमपी’ किंवा ‘एक्सपो’, बंद ठेवून चार दिवस खेळ. रिस्टार्ट थांबले तर रॅमला तो वेग झेपत नाही असे समजायचे. थांबले नाहीत तर ग्राफिक्स कार्डाच्या वायरी नीट बसल्या आहेत का आणि एसएमपीएस त्या कार्डाला पुरेसा आहे का हे बघ.

प्रश्न : मी मडगावची, निवृत्त शिक्षिका. भाच्याने बायोस अपडेट करून दिले. आता संगणक सुरू होताच निळ्या पडद्यावर ४८ अंकी ‘रिकव्हरी की’ मागतो. अशी कोणतीही की मी कधी घेतलेली नाही. नातवंडांची सगळी छायाचित्रे त्यात आहेत.

उत्तर : छायाचित्रे जागच्या जागी आहेत, फक्त कुलूपबंद आहेत. विंडोजच्या बिटलॉकरने डिस्क कुलूपबंद करून किल्ली मदरबोर्डवरील टीपीएम या सुरक्षा-भागाकडे सोपवलेली असते. टीपीएम प्रत्येक वेळी बायोसची ओळख पटवून मगच ती किल्ली देतो. बायोस बदलला, ओळख पटली नाही, म्हणून तो आपल्याकडे दुसरी किल्ली मागत आहे. विंडोज ११ च्या अनेक संगणकांवर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश करताच हे कुलूप आपोआप लागते, त्यामुळे आपल्याला त्याची कल्पना नसणे साहजिक आहे.

ज्या ईमेलने आपण संगणकात प्रवेश करता त्याच खात्याने मोबाइलवरून मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर जा आणि खात्यातील उपकरणांच्या यादीत बिटलॉकरची रिकव्हरी की पाहा. संगणकाच्या पडद्यावर कीच्या ओळखीचा एक क्रमांक दिसतो, त्याची सुरुवातीची अक्षरे यादीतील क्रमांकाशी जुळवून योग्य की निवडा. संगणक सुरुवातीला भाच्याच्या किंवा मुलाच्या ईमेलने सुरू करून दिला असेल तर की त्यांच्या खात्यात सापडेल. ती मिळेपर्यंत कोणी ‘फॉरमॅट मारू’ किंवा ‘टीपीएम क्लिअर करू’ म्हणाले तर ठाम नकार द्या. एएमडीच्या काही बोर्डांवर अपडेटनंतर एफटीपीएम (टीपीएमचाच एक प्रकार) नव्याने सुरू करण्याविषयी ‘वाय’ की ‘एन’ असे विचारले जाते, तिथेही ‘एन’च दाबावे. की मिळाल्यावर ती वहीत लिहून कपाटात ठेवा आणि छायाचित्रांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढा. पुढे कधी बायोस अपडेट करायचे झाल्यास त्याआधी बिटलॉकर ‘सस्पेंड’ करावे, म्हणजे हा प्रसंग येत नाही.

प्रश्न : फोंड्याच्या माझ्या दुकानातील संगणक रोज सकाळी जुनी तारीख दाखवतो आणि ‘एफ१ दाबा’ म्हणतो. बायोस बिघडला का?

उत्तर : सेल उतरला आहे. मदरबोर्डवरील सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा गोल सेल बदला, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. बदलण्यापूर्वी बायोसमध्ये जाऊन डिस्कची पद्धत ‘एएचसीआय’ आहे की ‘रेड’, हे मोबाइलने टिपून घ्या. सेल काढल्यावर ती बदलली तर विंडोज सुरू होणार नाही आणि पुन्हा पूर्ववत केल्यावर सुरू होईल.

प्रश्न : काणकोणला आमच्याकडे संगणक ‘शट डाउन’ करून सुरू केला तर चालतो, पण ‘रिस्टार्ट’ दिला की कंपनीच्या चिन्हावर अडकतो. असे उलटे कसे?

उत्तर : विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आलेली आहे. तिच्यामुळे ‘शट डाउन’ करताना विंडोजचा गाभा डिस्कवर तसाच साठवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. ‘रिस्टार्ट’मध्ये मात्र सर्व काही मुळापासून सुरू होते, म्हणून खरा दोष तिथे उघड होतो. आपल्याबाबतीत मला यूएसबीला लावलेल्या एखाद्या वस्तूचा संशय आहे, कारण रिस्टार्टमध्ये त्यांची वीज तुटत नाही आणि अडकलेली वस्तू अडकलेलीच राहते. कीबोर्ड आणि माउस सोडून पेन ड्राइव्ह, प्रिंटर, कार्ड रीडर सर्व काढून रिस्टार्ट देऊन पाहा, आणि चालल्यास एकेक वस्तू परत लावत जा. ‘फास्ट स्टार्टअप’ कंट्रोल पॅनेलमधील पॉवरच्या विभागातून बंद केलेली बरी.

प्रश्न : पेडणे तालुक्यातील आमच्या वाचनालयात चार डेस्कटॉप आहेत. बायोस अपडेट कधीच करू नये असे समजायचे का? करायचे तर पावसाळ्यात कसे करावे?

उत्तर : तसे समजू नये. सुरक्षादोष दूर करण्यासाठी, नवा प्रोसेसर ओळखता यावा म्हणून, किंवा आपल्याला होणारा नेमका त्रास कंपनीच्या टिपणात लिहिलेला असेल तर अपडेट करावे. सध्या आणखी एक कारण आहे. संगणक सुरू होताना अधिकृत विंडोजच सुरू होते आहे याची खात्री करणाऱ्या ‘सिक्युअर बूट’ची २०११ सालची प्रमाणपत्रे जून २०२६ पासून मुदतबाह्य होत जातात. नवी प्रमाणपत्रे बहुतेक संगणकांना विंडोज अपडेटमधून मिळतात, परंतु काही जुन्या बोर्डांना त्यासाठी आधी बायोसचे अपडेट लागते. आपल्या चारही बोर्डांची नावे ‘सिस्टम इन्फॉर्मेशन’मधून लिहून घ्या आणि कंपन्यांच्या संकेतस्थळांवर त्याविषयी काय म्हटले आहे ते वाचा.

घाई नसेल तर पाऊस ओसरेपर्यंत थांबा, आणि ऑक्टोबरमधील विजांची संध्याकाळही टाळा. करायचेच असेल तर सकाळची वेळ निवडा आणि आदल्या दिवशी व त्या दिवशीच्या वर्तमानपत्रात आपल्या भागातील नियोजित वीजबंदीची सूचना आहे का ते पाहा. यूपीएसवर केवळ एक संगणक आणि त्याचा मॉनिटर असावा. चारही यंत्रांना एकाच दिवशी हात लावू नका. एकावर अपडेट करा, ते पंधरा दिवस वाचकांच्या वापरात राहू द्या, आणि त्यात काही वावगे दिसले नाही तरच दुसऱ्याकडे वळा. अपडेटपूर्वी बायोसच्या प्रत्येक पानाचे मोबाइलने छायाचित्र घेऊन ठेवा, कारण अपडेटनंतर सर्व सेटिंग मूळपदावर जातात. वीज गेल्यावर परत आली की संगणकाने आपणहून सुरू व्हावे की बंदच राहावे, हीदेखील त्यांतील एक सेटिंग असते. वाचनालय रात्री बंद असताना ती ‘बंद राहावे’ अशीच हवी.